कळा कोणाला, पासपोर्ट कोणाला

भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकमधल्या आशाताई मांजरेकरांशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही. सोसायटीचे सेक्रेटरी शशिकांत दोनदा हरलेत आणि मांजरेकर तर लग्नाच्या पहिल्या वर्षीच हरून मोकळे झाले. बाई मूळच्या राजापूरच्या, पोळी-भाजीचं केंद्र चालवतात. भांडतानाही लाटणं थांबत नाही, त्यामुळे समोरच्याला वाटतं, पुढचा नंबर आपलाच.

त्यांची मुलगी संचिता टोरोंटोला नोकरी करते. सातव्या महिन्यात ओटी भरून घ्यायला ती भाईंदरला आली, आईच्या हातची पेज दोन वाट्या प्यायली आणि म्हणाली, बाळंतपण इथेच करू. पहिलं बाळंतपण माहेरी, यात आशाताईंना विचारण्यासारखंच काही दिसेना.

व्याह्यांना मात्र दिसलं. बँकेतून निवृत्त झालेले गुणवंतराव संचिताच्या परतीच्या तिकिटाचा कागद खिशात घालून हजर झाले. कॅनडात नुसतं जन्मलं तरी पोर त्या देशाचं होतं, आईबाप कुठलेही असोत. एवढं आयतं ताट सोडून भाईंदर पूर्व कशाला, असं त्यांचं म्हणणं. जावई अभिनव फोनवर म्हणाला, तुम्ही ठरवा. हुशार मुलगा.

आशाताईंनी लॉ कॉलेजातल्या भाचीला, दिव्याला, पोळपाटाशेजारी बसवून जगाचे कायदे ऐकून घेतले. ब्रिटनमध्ये नुसतं जन्मून भागत नाही, आई किंवा बाप तिथे स्थायिक लागतो. जर्मनीतही आईबापांनी किती वर्षं काढली ते मोजतात. आशाताईंच्या भावाची दोन्ही मुलं कुवेतमध्ये जन्मली, पण तिथे बाप कुठला ते बघतात, म्हणून ती राजापूरचीच राहिली. आपल्याकडे पूर्वी इथला जन्म पुरेसा होता. सत्त्याऐंशीपासून आईबापांचंही बघतात.

"कोणी जमीन बघतं, कोणी बाप बघतं," आशाताई म्हणाल्या. "बाळंतिणीला कुठे बरं वाटेल, हे एकाही देशाने विचारलं नाही?"

तसं कलम नाही, दिव्या म्हणाली.

"मग ते माझ्या घरात आहे."

ओटीच्या दिवशी पेढा-बर्फीचा खेळ मांडला. झाकलेल्या वाटीत पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. गुणवंतरावांनी साळसूदपणे सुचवलं, त्याऐवजी चिठ्ठ्या ठेवू, एकीत टोरोंटो, एकीत भाईंदर. देवाचा कौल मानू. चिठ्ठ्याही त्यांनीच लिहिल्या. संचिताने वाटी उघडली. टोरोंटो. गुणवंतराव टाळ्या वाजवत असतानाच आशाताईंनी दुसरी वाटी उघडली. त्यातही टोरोंटो.

शेजारच्या हंसाबेन आधी हसल्या. "गुणवंतभाई, आ तो चीटिंग छे."

गुणवंतराव हसले नाहीत. "कॅनडाने माझा व्हिसा दोनदा नाकारलाय, आशाताई. दोन्ही वेळा इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. माझ्या नातवंडाला कोणी खिडकीवरून परत पाठवू नये, एवढंच."

आशाताईंनी दोन्ही वाट्या पालथ्या घातल्या. बोलली ती संचिता.

"बाबा, त्याला पुढे रांगेत उभं राहावं लागलं तर राहील. आम्ही दोघंही राहिलो. पण कळा मला यायच्यात, आणि तेव्हा मला आई हवी. कायद्यात बसो न बसो."

मग आशाताईंनी व्याह्यांपुढे हात पसरला. गुणवंतरावांनी खिशातला कागद काढून मुकाट्याने त्यावर ठेवला. आशाताईंनी तो दिव्याकडे दिला आणि बाळ चार महिन्यांचं झाल्यावरची तारीख टाकायला सांगितलं. वर तिकीट बाळाचंही काढायचं, आपल्या पासपोर्टावर, कोणाच्या मेहेरबानीवर नाही.

"आणि व्याहीबुवा," त्यांच्या पानात पुरणपोळी वाढत त्या म्हणाल्या, "जन्मदाखल्याच्या रांगेत तुम्ही उभं राहायचं. शर्टाला इस्त्री मी करून देते. बघते कोण परत पाठवतं ते."