निघताना अण्णा बोलले नाहीत

आधीच सांगून टाकतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हतो. परभणीच्या एका खासगी शाळेत बरीच वर्षं विज्ञान शिकवलं, मग ओळखीतून एका आमदारांचा पीए झालो. राजकारणात गाडीला लिंबू-मिरची काय, अर्ज भरायला मुहूर्त काय... या सगळ्याची टिंगल करण्यात माझी हयात गेली. त्यामुळे पुढचं वाचून कुणी हसलं तर राग येणार नाही. मीही हसलो असतो.

आमदारांचं नाव-पक्ष सांगत नाही. विधान परिषदेवर आहेत, सगळे अण्णा म्हणतात. मला ते अजूनही ‘मास्तर’ म्हणतात. अधिवेशन संपलं की अण्णा आठवडाभर जिल्हा पिंजून काढतात — लोकांच्या तक्रारी, कापसाचं एखादं जिनिंग, एखादी डाळमिल, लग्नं, आणि मयतीची घरं. मयतीची घरं सगळ्यांत जास्त. लग्नाला गेलो नाही तर लोक विसरतात, मयतीला गेलो नाही तर पुढच्या निवडणुकीपर्यंत लक्षात ठेवतात.

शहरातल्या काहींना माहीत नसेल म्हणून सांगतो. एरवी कुणाच्या घरून निघताना आपण ‘येतो’ म्हणतो. मयतीच्या घरून निघताना म्हणत नाहीत. पुन्हा अशाच कारणानं यायची वेळ येऊ नये म्हणून मुकाट उठायचं, चपला घालायच्या आणि चालू पडायचं. घरचेही ‘या’ म्हणत नाहीत. अण्णा हे काटेकोर पाळायचे. बाकी ठिकाणी मात्र उलट! चहा देणाऱ्यापासून वॉचमनपर्यंत प्रत्येकाला हात जोडून ‘येतो बरं का’ म्हटल्याशिवाय त्यांचं पाऊल उचलायचं नाही. आमचे निम्मे कार्यक्रम त्यापायीच लांबायचे.

त्या आठवड्यात सोमवारी पिंगळीला एका मयतीच्या घरी बसून आलो. मंगळवारी जिंतूरकडच्या एका जिनिंगमध्ये गेलो. तिथला मुकादम रुस्तुमराव, पांढऱ्या मिशांचा, मोठा गमत्या माणूस. नाकातोंडात कापसाचे तंतू जात होते तरी यानं अण्णांना हौसेनं सगळं फिरवून दाखवलं, वर अण्णांनाच प्रेसमध्ये बसवून कापसासारखी गठाण बांधायची थट्टाही केली. अण्णा पोट धरून हसले. मग केबिनमध्ये चहा आला. अण्णांनी कप अर्धाच ठेवला, उठले, आणि कुणाशी काही न बोलता गाडीत जाऊन बसले.

मालक घाबरले. आमचं काही चुकलं का, म्हणून माझ्या मागं लागले. मी बीपीचं कारण सांगून वेळ मारून नेली. गाडीत विचारलं तर अण्णा म्हणाले, विसरलो. आता अण्णा विसरणारे नव्हेत, पण वय झालंय... मी सोडून दिलं.

बुधवारी मालकांचा फोन. रुस्तुमराव सकाळी कामावर आला, पाणी प्यायला बसला आणि बसल्या जागी गेला. वाईट वाटलं. पण दिवसभर बिडी ओढणारा म्हातारा, हार्ट अटॅकला दुसरं कारण कशाला लागतं?

गुरुवारी पोखर्णीला नरसिंहाचं दर्शन घेतलं आणि गावातल्या एका तरुण पोराची नवी डाळमिल बघायला गेलो. नुकतंच लग्न झालेलं. बायकोनं अण्णांना ओवाळलं, यानं मशीन चालू करून ताजी तुरीची डाळ त्यांच्या ओंजळीत दिली. अण्णांनी ती हळूच टेबलावर ठेवली आणि तसेच निघाले. या वेळी माझं लक्ष होतं. त्यांचा चेहरा पिंगळीच्या त्या घरात होता अगदी तसा होता.

शुक्रवारी दुपारी कळलं — मोटारसायकलवरून परभणीला येताना तो पोरगा ट्रकखाली गेला.

तेव्हा आम्ही गाडीतच होतो. मग अण्णांनी विचारलं, “मास्तर, तुमच्या ध्यानात आलं का?”

मी हो म्हणालो.

“तिथं बसलो की मयतीच्या घरी बसल्यावानी वाटायलंय. कुणीतरी गेलंय आन् आपण भेटायला आलोत. मग तोंडातून ‘येतो’ निघंनाच.”

शनिवारी त्यांचं जेवण माझ्या घरी ठरलेलं होतं. माझी मुलगी ऋतुजा, हिला पुण्यात नोकरी लागली होती आणि सोमवारी ती निघणार होती. अण्णांनी तिला लहानपणापासून पाहिलेलं. जाण्याआधी त्यांना जेवू घालायचं असा तिचाच हट्ट. पण आता अण्णा म्हणाले, उद्या तुमच्याकडं नको. मी हसलो. खरंच हसलो. योगायोग कशाला म्हणतात यावर वर्गात द्यायचो तसं लेक्चर दिलं. दोन घटनांवरून नियम बनत नसतो, अण्णा! शेवटी त्यांना यायला लावलं. मीच.

जेवण छान झालं. बायकोनं पुरणपोळी आणि येसराची आमटी केली होती. माझे वडील नाना पंगतीत अण्णांच्या शेजारी बसले आणि जुन्या गोष्टींवर दोघं हसत राहिले. मी मात्र अण्णांच्या चेहऱ्याकडं बघत होतो. हात धुऊन झाले, बायको आहेराची टॉवेल-टोपी आणायला आत वळली, आणि अण्णा उठले. तोच चेहरा.

मी दारात आडवा झालो. “अण्णा, एकदा म्हणा. येतो म्हणा.”

त्यांनी माझा हात घट्ट धरला. ओठ हलले, आवाज आला नाही. डोळे भरून आले होते त्यांचे. मग मला बाजूला करून ते पायऱ्या उतरले. बायको टोपी हातात घेऊन उभी राहिली आणि आमटी तिखट झाली होती का, असं मला विचारू लागली.

घरात आम्ही चौघं. कुणाचा नंबर? कुणालाच काही सांगितलं नाही. ऋतुजाचं बसचं तिकीट रद्द केलं. नोकरीवर हजर व्हायचा दिवस चुकला तर नोकरी जाईल म्हणून ती रडली, भांडली, शेवटी बोलायचीच बंद झाली. तिच्या स्कूटीची चावी मी खिशात ठेवली. ती जिन्यावर गेली तरी मी मागं. स्वतःची भीती वाटली नाही, तेवढं सुचलंच नाही.

सोमवारी सकाळी नाना अंगणात उन्हाला बसले होते. ऋतुजा त्यांना चहा द्यायला गेली आणि तिची हाक आली. मी धावलो. नानांची मान कलली होती. शेजारी ऋतुजा कप धरून उभी. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं असेल तर — ही उभी आहे, हिला काही झालं नाही. समोर बाप गेलेला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं.

तिसऱ्या दिवशी अण्णा भेटायला आले. घर भावकीनं भरलेलं. थोडा वेळ बसले, उठले, दाराशी गेले... आणि वळले. कोपऱ्यात बसलेल्या ऋतुजाकडं बघून मोठ्यानं म्हणाले, “येतो बरं का, बाळा.”

मग माझ्या आत्याचा तोल गेला. “मयतीच्या घरी असं म्हणतेत का कुणी?”

मी गाडीपर्यंत त्यांच्यामागं गेलो. आत्ताच का म्हणालात, विचारलं.

“निघायलंय तोंडातून तवर सगळ्यायला म्हणून ठेवायलोय, मास्तर,” अण्णा म्हणाले. “तिला काही होत न्हाई आता.”

ऋतुजा पुण्यात आहे. उशिरा गेली तरी कंपनीनं घेतलं. अण्णांना वाटतं, त्यांनी तिला राखलं. आत्या म्हणते, त्यांनी या घरात पुन्हा यायचं कबूल करून ठेवलंय. मी दोघांचंही ऐकून घेतो. कुणाला खरं काय ते सुचत असेल तर जरूर सांगा, हसून सांगितलं तरी चालेल. काल संध्याकाळी ऋतुजानं फोन उचलायला वेळ लावला. ती ‘हॅलो बाबा’ म्हणेपर्यंत मी चपला घालून रस्त्यावर आलो होतो.