तीन टिंबांपुढची नावं

माझी धाकटी जाऊ माझ्याच ऑफिसात, माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. घरी तीच, ऑफिसातही तीच. माणसाने जळायचं तरी किती आणि कुठे कुठे?

तिला सगळं आधी मोजायची खोड आहे. वाळलेले कपडे मोजणार आणि मगच घड्या घालणार. सासूबाईंना त्याचं कोण कौतुक! मी बारा वर्षं घड्या घातल्या, त्या कुणाच्या डोळ्यात भरल्या नाहीत.

गेल्या महिन्यात आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यासाठी केलेलं काम बिघडलं. ऑपरेशनच्या तारखेचा मेसेज काही रुग्णांना जाईना. त्या कामाचं प्रमुखपद आमच्या दोघींपैकी एकीला मिळणार होतं आणि मला ते हवंच होतं. मी डीबगर लावला, म्हणजे प्रोग्रॅम मधेच थांबवला आणि काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून रुग्णांची यादी दाखवायला लावली. भराभर नावं आली, शेवटी तीन टिंबं. यादी ठीक आहे, असं मी साहेबांना ठणकावून सांगितलं.

मग धाकटीने तोच डीबगर लावला. आधी त्यालाच विचारलं, यादीत नावं किती? दोनशे चौदा. पडद्यावर मात्र दोनशेच. डीबगर दोनशेवर थांबतो आणि पुढे टिंबं देतो, हे मी कधीतरी शिकले होते आणि साफ विसरले होते. तिने एक ओळ टाइप करून ती मर्यादाच काढली. दोनशे सातव्या आजोबांचा फोन नंबर कोरा निघाला. तिथे प्रोग्रॅम अडखळायचा आणि पुढचे सातजणही मेसेजविना राहायचे. माझा नुसता तिळपापड झाला.

साहेब आले. तुम्ही तर यादी ठीक म्हणालात, असं त्यांनी मला विचारलं. तेवढ्यात धाकटी म्हणाली, "ताईंनीच मला टिंबांपुढे बघायला सांगितलं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगायला एक शब्द पुरला असता.

"हो," मी म्हणाले, "मीच सांगितलं."

प्रमुखपद मला मिळालं. संध्याकाळी जिना उतरताना मी तिला विचारलं, असं का केलंस.

"तुम्हाला ते हवं होतं, ताई. मला नव्हतं."

एवढी मोठी गोष्ट नको असणं कुणाला जमतं कसं? आता मला तिचा सगळ्यात जास्त हेवा वाटतो तो याचाच.