धुतलेले पाय

आमच्या ख्रिस्ती मंडळीत ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी बारा जणांचे पाय धुतात. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. ते शिष्य धुळीतून चालत आले होते, म्हणून त्यांचे पाय धुवावे लागले. आमचे बारा जण सर्जापूर रोडच्या सोसायट्यांमधून गाडीत बसून येतात, आणि निघण्याआधी घरी पाय घासूनपुसून घेतात. एकदोघं तर पार्लरमध्ये जाऊन येतात. चारचौघांत मळके पाय कसे दाखवायचे, हा त्यांचा प्रश्न. त्यामुळे दरवर्षी स्वच्छ पायांवर स्वच्छ पाणी पडतं आणि सगळे नम्र होऊन घरी जातात.

मी इथं कानडी मुलखात मुलीकडे राहायला आले त्याला बरीच वर्षं झाली. पुण्या-नगरकडची नोकरदार माणसं एका कानडी चर्चचा हॉल भाड्यानं घेतात आणि तिथं मराठी उपासना चालवतात. गातात छान, ते मी मान्य करते. त्यांच्या नम्रतेबद्दल मात्र मला कोणी काही सांगू नये. इथं प्रत्येकाला सेवक व्हायचं असतं, फक्त सेवकांमध्ये पहिला नंबर हवा असतो.

गेल्या वर्षी पाय धुण्याचा मान मंडळीचा कारभार पाहणाऱ्या एका पंचांनी पाळकांकडून, म्हणजे आमच्या पाद्र्यांकडून, मागून घेतला. हे मोठ्या कंपनीतले मोठे साहेब. कंपनीनं त्यांना कसल्याशा प्रशिक्षणाला पाठवलं होतं, आणि सेवा करतो तोच खरा पुढारी, असं तिथं शिकवलं म्हणे. लहानपणापासून दर रविवारी जे कानावर पडत होतं ते पटायला साहेबांना पंचतारांकित हॉटेलात जावं लागलं. पाळक भिडस्त, त्यांनी मान डोलावली. मग पितळी घंगाळ आलं, पांढरेशुभ्र टॉवेल आले, पाण्यात गुलाबाच्या पाकळ्या आल्या, व्हिडिओ काढायला एक भाऊ आला. यातलं काहीही नसताना प्रभूनं त्या रात्री कसं निभावलं, कोण जाणे.

साहेबांचे वडील आमच्यातले सगळ्यात म्हातारे. त्यांना सगळे आजोबाच म्हणतात. आता त्यांच्या फारसं काही लक्षात राहत नाही. मुलगा-सून दिवसभर ऑफिसात, नातवंडं इंग्रजीत, सांभाळायला ठेवलेली बाई कानडी. हॉलमध्ये आले की मात्र ते ‘सलाम, सलाम’ करत प्रत्येकाचा हात हातात घेतात, आणि जुनं गीत सुरू झालं की शेवटच्या कडव्यापर्यंत बिनचूक गातात. आठवड्यातला तेवढाच वेळ ते माणसांत असतात. पण मध्ये एकदा त्यांची खुर्ची ओली झाली होती, आणि साहेबांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, “पुन्हा असं झालं तर बाबांना घरीच ठेवीन. ऑनलाइन उपासना आहेच.”

त्या गुरुवारी ते पुन्हा झालं, आणि या वेळी नुसतं ओलं नव्हतं. साहेब कमरेला टॉवेल बांधून, गुडघ्यांवर बसून कोणाच्या तरी गोऱ्या घोट्यावर पाणी ओतत होते. मागच्या रांगेत माझ्या शेजारी आजोबा पँट मुठीत धरून बसले होते. वास पसरला. रुमाल नाकाला गेले, खुर्च्या सरकल्या. पाय धुण्याचा सोहळा पाहून डोळे पुसणारी मंडळी एका म्हाताऱ्यापासून जमेल तितकी लांब गेली. मला त्या सगळ्यांची किळस आली.

“बाळ,” आजोबांनी हाक मारली. “अरे बाळ.”

साहेबांनी वर पाहिलं. त्यांना कळलं, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. मग त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. “काकू, प्लीज जरा मॅनेज करा ना,” ते म्हणाले आणि पुढचा पाय हातात घेतला.

मी पुढे गेले आणि घडी घातलेले टॉवेल उचलले. “अहो, ते वापरायचे आहेत,” व्हिडिओवाला कुजबुजला.

“वापरायलाच नेतेय,” मी म्हटलं.

मी आयुष्यभर नर्सची नोकरी केली. असल्या कामाचं मला काही वाटत नाही, तेव्हा माझं कौतुक नको. हॉलच्या वॉचमनकडे गरम पाणी मागितलं. “स्वल्प थांबा, अक्का,” म्हणत तो बादली घेऊन आला, आणि न सांगता आपली धुतलेली लुंगीही देऊन गेला. मी आजोबांना बाथरूममध्ये उभं केलं आणि धुवायला लागले. त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला.

“बाळ कुठंय?”

“पाय धुतोय.”

“कोणाचे?”

“लोकांचे.”

“चांगलंय,” ते म्हणाले. “शाळेतून चिखलात भरून यायचा. मी दारातच धुवायचो. आई रागवायची ना त्याला.”

लुंगी नेसवून होते तोच साहेब दारात आले. कमरेचा टॉवेल तसाच होता. “थँक्यू, काकू. आता बाबांना आणायचं बंदच करतो. उगाच तुम्हा सगळ्यांना त्रास.”

“धरा,” म्हणून मी ती भरलेली पँट त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दोन बोटांत, कुर्त्यापासून लांब धरली. माझ्या ओठांवर बरंच काही आलं होतं आणि मी ते बोलणारही होते.

“दे इकडे, बाळ,” आजोबा म्हणाले. “मी धुतो. तुझे कपडे खराब होतील.” त्यांनी पँट घेतली, नळ सोडला, आणि वाकता येत नसताना वाकून ती घासायला लागले. “साबण दे.”

मुलानं साबण दिला. मग त्यानं अस्तन्या वर सारल्या, त्या घाण पाण्यात खाली बसला आणि बापाच्या हातातून पँट घेतली.

मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं. व्हिडिओवाला फोन घेऊन तिथवर आलाच होता. “साहेब कुठं गेले? आत काय चाललंय?”

“संडास धुताहेत,” मी म्हटलं. तो लगेच परत गेला.

साहेब मला अजूनही फारसे आवडत नाहीत. गुलाबाच्या पाकळ्यांचा तो व्हिडिओ मंडळीच्या ग्रुपवर आला आणि त्याखाली सगळ्यांनी हात जोडले. ईस्टरला मात्र आजोबा आले. पहिल्या रांगेत बसून मोठ्यानं गात होते. शेजारी मुलगा होता, आणि त्याच्या मांडीवर धुतलेल्या कपड्यांची पिशवी होती.