बापलेकाचा पिच्चर कसा वाटला?

टॉकीजच्या दारात उभं राहणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. पिच्चर सुटतो तेव्हा माणूस अजून अर्धा आतच असतो. तेवढ्यात विचारायचं, "कसा वाटला?" मनातलं खरं तेच बाहेर पडतं. पार्किंगपर्यंत गेला की तो शहाणा होतो!

ही युक्ती माझी नाही, माझ्या थोरल्या भावाची, सिद्धूदादाची. सोलापुरातल्या या टॉकीजवर आधी तोच डोअरकीपर होता. लोकांची मतं गोळा करायचा आणि दुपारी जेवताना आप्पांना सांगायचा, ज्याच्या त्याच्या आवाजात. आमचे वडील इतके हसायचे, की घास घशात अडकायचा.

दोन महिन्यांपूर्वी दादा गेला. त्याच्या जागेवर मी लागलो. सातवीत शाळा सोडली, पण तिकीट फाडायला तेवढी पुरते. दादासारखे आवाज मला जमत नाहीत, तरी रोज मतं घरी नेतो. आप्पा ताटात बघत राहतात. दादा गेल्यापासून ते एक शब्दही बोललेले नाहीत.

* * *

त्या शुक्रवारी बापलेकाचा पिच्चर लागला. हॉलिवूडचा, हिंदीत डब केलेला. दोघांचं यान कुठल्यातरी ग्रहावर कोसळतं. हवा नाही, पाणी नाही, नुसते दगड. शेवटी एक लहान यान सापडतं, पण त्यात एकालाच पुरेल एवढी हवा. बाप पोराला आत ढकलतो आणि बाहेरून दार लावून घेतो. पोरगं आतून काच बडवत राहतं.

पहिल्याच खेळाला मैंदर्गीच्या एक आजी नातवाबरोबर आल्या होत्या.

"आजी, कसा वाटला?"

"कसला पिच्चर बाबा! एवढं आभाळात उडायचं यंत्र केलंय, आन निघताना चार भाकरी बांधून घ्यायची अक्कल न्हाय!"

हे मी घरी सांगितलं. आई पदरात तोंड लपवून हसली. आप्पा पाणी प्यायले.

* * *

एक मास्तर आले होते. बाहेर पडताना लोकांना थांबवून सांगत होते, "सगळं अशास्त्रीय आहे. त्या ग्रहावर माणूस असा पळूच शकत नाही." हे सांगताना त्यांचा रुमाल काही डोळ्यांवरून खाली येईना.

मी म्हणालो, "सर, रडताय की!"

"छे! तुमच्या ए.सी.चं वारं लागलं."

आमचा ए.सी. उन्हाळ्यापासून बंद आहे!

* * *

एक रिक्षावाले चाचा चिडूनच बाहेर आले. "बापकू मरनाइच था तो इंटरवलकू मर जाता! मेरी स्टेशनकी सवारी गई ना!"

हा किस्सा घरी नेता आला नाही. कारण आप्पांना मी शेवट खोटा सांगितला होता. म्हणालो होतो, दोघं वाचतात.

का, ते सांगतो. वळसंगला आमचं थोडं रान आहे. तिथल्या विहिरीतली बंद पडलेली मोटार काढायला आप्पा उतरले. आतली हवा खराब झालेली. ते तळाशी कोसळले. मी काठावर नुसता ओरडत होतो, तोवर दादा दोर घेऊन उतरलासुद्धा. त्यानं दोर आप्पांच्या कमरेला बांधला. धावून आलेल्या माणसांनी आणि मी तो ओढला. आप्पा वर आले. दोर परत खाली सोडला, तेव्हा तो धरायला कोणी नव्हतं.

आप्पा शुद्धीवर आले आणि म्हणाले, "सिद्धू?" तो शेवटचा शब्द.

* * *

एक गृहस्थ दहा वर्षांच्या पोराला घेऊन आले होते. मी त्यांना विचारायच्या आतच पोरानं विचारलं, "पप्पा, तुम्ही पण मला आत ढकललं असतं?"

"गणितात पास झालास तर बघू!"

सगळी रांग हसली. त्या माणसानं मात्र पोराचं मनगट धरलं होतं, ते रिक्षात बसेपर्यंत सोडलं नाही.

* * *

मंगळवारी एक कॉलेजचा पोरगा मित्रांना सांगत होता, "बाप मेला म्हनून पिच्चर चालला, भावा! पोरगं मरून बाप वाचला असता तर फ्लॉप! असला बाप कोन बघनार?"

मी त्याची कॉलर धरली. शर्टची दोन बटणं तुटली. मॅनेजरसाहेब धावत आले आणि मला ओढून बाजूला नेलं.

"मल्लू, डोकं फिरलं का? त्याला पिच्चर आवडलाय की!"

खरं सांगतो, तो जे बोलला, तेच विहिरीच्या काठावर एकदा माझ्या मनात आलं होतं. त्या दिवशी घरी सांगितलं, गर्दी चांगली होती.

* * *

गुरुवारी दुपारचा खेळ. दार लावून मी आत अंधारात उभा होतो. शेवट आला. पोरगं काच बडवायला लागलं. हा सीन आला की कोणी ना कोणी ओरडतंच. अशा माणसावर टॉर्च मारून त्याला खाली बसवायचं, हे माझं काम.

मधल्या रांगेत एक माणूस उठून उभा राहिला. दोन्ही हात पडद्याकडं करून ओरडला, "मला नगं रं! दोर तुला बांध! आदी तुला बांध!"

पडद्यावर दोर नव्हताच.

"ओ काका, खाली बसा की!" मागून कोणीतरी शिट्टी मारली. मी टॉर्च लावून पळत गेलो. उजेड तोंडावर पडला.

आप्पा!

त्या दिवशी घरी न जाता मी मागं डबा खात होतो, तेवढ्यात बुकिंगवरच्या माणसाकडून तिकीट घेऊन ते आत बसले होते. मी टॉर्च बंद केला. खाली बसा म्हणालो नाही. पिच्चर संपेपर्यंत ते उभे होते, मीही उभा होतो.

लाइट लागले. लोक जायला लागले. मी आपल्या दारात येऊन थांबलो. आप्पा सगळ्यांच्या शेवटी आले. मी सवयीनं विचारलं,

"कसा वाटला, आप्पा?"

त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलानं तोंड पुसलं. बाहेर माणसं शिडी लावून उद्याच्या नव्या पिच्चरचं पोस्टर चिकटवत होती.

"उद्याबी ह्योच हाय न्हवं?"

"व्हय आप्पा," मी म्हणालो. "ह्योच हाय."