गव्हाचा उपास

ज्याच्या घरात गहू चालत नाय ना, त्याला किस्से कमी पडत नाय. कांदाचाळीतल्या कांद्यासारखे साठत राहतात. जरा हात लावला की एखादा घरंगळत बाहेर येतोच! बसा, चहा टाकलाय. सांगतो.

माझं आधी सांगून टाकतो. चांदवडच्या अलीकडं आमचं गाव. शेती हाय, कांदा वाहायला पिकअप हाय. शिक्षण सातवी. डोकं लवकर सटकतं, ते सगळ्या तालुक्याला माहीत हाय. घरात बायको सुनीता, माझी आई, आन् पोरगी तनू. तनूला सिलियाक हाय. म्हणजे गहू पोटात गेला की आतडी बिघडतात, खाल्लेलं अंगाला लागत नाय. चपाती, रवा, मैदा, शेवया, बिस्कीट, सगळं बंद.

*

तनू लहान व्हती तेव्हा अंगणवाडीच्या वजनकाट्यावर काटा हलायचाच नाय. हातपाय काड्या आन् पोट नगारा. जंताचं औषध झालं, अंगारा झाला, दृष्ट काढून झाली. शेवटी नाशिकला मोठ्या डॉक्टरकडं नेली. त्यांनी रक्त तपासलं, दुर्बीण घातली आन् म्हणले, "गहू बंद."

"किती दिवस?"

"कायमचा."

माझं सटकलं! "ओ डॉक्टर, घरात गव्हाच्या कोठ्या भरल्यात आन् पोरीला बंद? गोळी द्या ना काहीतरी!"

"गोळी नाहीये याला. बाजरी, ज्वारी, नागली, तांदूळ, भगर. हेच औषध. गव्हाचा कण पोटात गेला नाही, तर पोरगी वाढेल."

मी टेबलावर हात आपटला. टेबलावरचा पेन खाली पडला. सुनीतानं तो उचलून जाग्यावर ठेवला आन् शांतपणे म्हणली, "डॉक्टर, तिचं समजलं. आता ह्यांचं काय बंद करायचं तेवढं सांगा!"

*

घरी आलो तर आई ऐकायला तयार नाय. "गव्हानं कधी कोणी आजारी पडतं का? बाजरीवर पोरगी काळी पडल!"

मी तनूचं सगळं वेगळं केलं. तवा वेगळा, पोळपाट-लाटणं वेगळं, ताट-वाटी वेगळी. सगळ्याला लाल ऑइलपेंटचा ठिपका मारला. तरी पोरीचं पोट काही थांबना. एक दिवस मी शेतातून लवकर आलो तर गोठ्यामागं आजी-नात बसलेल्या. आईच्या पदरात तूप लावलेली चपाती, आन् तनू चोरासारखी चावतीय.

मी काय बोललो ते इथं सांगण्यासारखं नाय. आईनं अबोला धरला. पण त्याच दुपारी तनू पोट धरून अशी कळवळली का आई तिच्या उशाशी बसून राहिली. जेवली नाय, उठली नाय.

दुसऱ्या दिवशी आमच्या शेजारची मंदा आली. तनूच्या हातात बिस्कीट द्यायला लागली, तर आई खराटा घेऊन उठली! मंदा अंगणातून पळता पळता मला म्हणली, "भाऊ, मी समजत व्हते घरात तापट तुम्हीच!"

*

मग एवढं सगळं बंद करूनही मधीच पोट बिघडायचं. डॉक्टरनं विचारलं, "भाकरीचं पीठ कुठून दळता?"

कुठून म्हणजे? गिरणीतून! आमच्या गावात एकच गिरणी, शांतारामची. सकाळधरनं गहू पडतो. त्याच जात्यात मागून आमची बाजरी. दगडाला लागलेला गहू सगळा आमच्या डब्यात!

मी तसाच गिरणीवर गेलो. "शांताराम, दगड खोल!"

"का रे?"

"धुवायचेत!"

"गिरणी हाय का म्हैस हाय ही, रोज धुवायला?"

लोकांनी सोडवलं. नंतर मी घरीच छोटी घरघंटी आणून बसवली आन् भिंतीवर लिहून ठेवल्यागत सगळ्यांना सांगितलं, हिच्यात गव्हाचा दाणा पडला तर घंटी विहिरीत जाईल आन् टाकणारा तिच्या मागून.

काही दिवसांनी कोणीतरी मागच्या दारानं हाक मारतंय. बघतो तर शांताराम! काखेत बाजरीचा डबा.

"काय रे?"

तो इकडंतिकडं बघून म्हणला, "जरा दळून दे ना. तुझं पीठ लय चोख निघतं म्हणे!"

*

हिंगाचं तर ऐकाच. पीठ चोख, तवा चोख, तरी वरण खाल्लं की पोट दुखायचं. सुनीतानं डोकं लावलं, हिंगाची डबी बघितली. त्याच्यात गव्हाचं पीठ! खड्याचा हिंग वेगळा, डबीतल्या पावडरीत पीठ मिसळलेलं असतं. मी डबी घेऊन दुकानावर गेलो तर दुकानदार मलाच हसला. "हिंगात कुठं गहू असतो का? डोकं फिरलं का तुझं?"

मला ते बारीक इंग्रजी वाचता येईना. तनू तेव्हा नुकती शाळेत जायला लागली व्हती. ती काउंटरवर चढली, डबीवर बोट ठेवलं आन् म्हणली, "काका, हे बघा, व्हीट!"

दुकानदार म्हणला, "वा! हुशार हाय की. आता तुझं नाव लिहून दाखव बरं इंग्रजीत."

तनू म्हणली, "ते अजून शिकवलं नाय."

*

एकदा वणीच्या गडावर गेलो. देवीचं दर्शन झालं, आन् सावलीला बसून तनूचा डबा उघडला. डब्यात भगर, शेंगदाण्याची आमटी आन् राजगिऱ्याचा लाडू. आता आमच्यासाठी ते रोजचं जेवण. पण बाजूला एक मावशी बसल्या व्हत्या, त्यांना वाटलं उपासाचं.

"अगं बाई! एवढीशी पोर आन् उपास?"

तनू लाडू खात म्हणली, "हो."

"कशाचा गं उपास?"

"गव्हाचा."

मावशी विचारात पडल्या. "हा नाय ऐकला. कोणत्या वारी असतो?"

"रोज."

"आन् सोडतात कधी?"

"सोडत नाय. डॉक्टर म्हणले कायम."

मावशीनं डॉक्टर ऐकलं का नाय देव जाणे. त्यांनी स्वतःच्या वेफर खाणाऱ्या नातवाच्या पाठीत एक धपाटा घातला आन् म्हणल्या, "बघ! शीक काहीतरी! पाया पड तिच्या!"

आन् तो पडला पण!

*

हसू नका, पुढचं ऐका. माझ्या मेव्हण्याचं लग्न व्हतं. आचाऱ्याला विचारलं तर ज्या तेलात पुऱ्या, त्याच तेलात पापड. भाताच्या घमेल्यात पण पुरीचा झारा. म्हणून आम्ही डबा नेलेला. सासरच्या एका पाहुण्याला ते झोंबलं.

"आमच्या घरचं अन्न चालत नाय का पाव्हणं? थोडं खाल्लं तर काय व्हतं?"

म्हणलं, "तुमच्या गाडीच्या डिझेलमधी थोडं पाणी टाकू का? थोडंच!"

सुनीतानं मला दंडाला धरून बाजूला नेलं. तनूला घेऊन मी पिकअपच्या केबिनमधी बसलो. आई पण पंगत सोडून येऊन बसली. तनू डब्यातली भाकरी खातीय आन् काचेतून पंगतीकडं बघतीय. वाढपी येतोय, ज्याच्या त्याच्या पत्रावळीवर सारखंच वाढतोय.

तनू म्हणली, "पप्पा, आपल्या घरी अशी पंगत कधी बसल? सगळ्यांना एकच, आन् मला पण तेच?"

मी गाडीचा आरसा पुसत बसलो. आई आपल्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत व्हती.

*

आता हा शेवटचा.

आमचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो. दादांना जाऊन लय वर्षं झाली. दरवर्षी पित्तरात त्यांच्या नावानं घास टाकतो. त्यांना पुरणपोळी लागायची. जिवंत असताना सणाला पोळी जाड झाली तरी ताट सरकवायचे.

ह्या वर्षी आईनं सकाळीच गव्हाचं पीठ डब्यासकट शेजारी मंदाकडं देऊन टाकलं. चूल सारवली, परात घासली. मला म्हणली, "आज घरात एकच स्वयंपाक. आन् लाल ठिपक्याची भांडी वर ठेवून दे."

तांदळाची उकड काढली आन् त्याच्यात पुरण भरायला बसली. पोळी फाटायची. परत मळायची, परत थापायची. सुनीता म्हणली, "आत्या, राहू द्या." आईनं परत उकड मळायला घेतली. शेवटी एक जमली. मग दुसरी जमली.

खीर, वडे, कढी, भजी आन् ती पांढरी पुरणपोळी, असं ताट घेऊन आम्ही गच्चीवर गेलो. खाली भावकी पंगतीत बसून राहिलेली. कावळ्यानं घास घेतल्याशिवाय कोणी जेवत नाय. तनू सगळ्यांच्या मधोमध, ताट पुढ्यात घेऊन.

कावळा येईना!

समोर तारेवर चार-पाच बसलेले. बघत व्हते. उतरत नव्हते. खाली पोरं भुकेनं रडायला लागली. माझे चुलते नानाकाका वर आले. ताटाकडं बघून म्हणले, "वहिनी, गव्हाची पोळी नाय ना, म्हणून दादा रुसलाय. मी माझ्या घरून एक आणतो. कोपऱ्यात ठेवू. पोरीला काय कळतंय?"

आई म्हणली, "आणून तर बघा भावजी!"

नानाकाका जिन्यातच थांबले.

तेवढ्यात तनू वर आली. तिनं ताटाकडं बघितलं, कावळ्यांकडं बघितलं. "आजी, माझ्यामुळं येत नाय का?"

आईनं एकदा तिच्याकडं बघितलं. मग पदर खोचला, कठड्याशी गेली आन् तारेकडं बघून जी ओरडली का, गल्लीतली माणसं बाहेर आली!

"ओ मालक! जिवंतपणी ताटाला नखरे केले, मी गुमान ऐकून घेतलं! आता बास! नात खाती तेच मिळल! खायचं तर खा, नायतर बसा तसेच उपाशी वर्षभर!"

गच्चीवर कोणी हलेना.

तारेवरचा एक म्हातारा, मानेला पिसं नसलेला कावळा उतरला. कठड्यावर बसला. मान वाकडी करून आईकडं बघितलं. मग खीर सोडली, वडा सोडला, आन् ती पांढरी पुरणपोळी अख्खी चोचीत धरून उडाला!

आई जिन्यातनं खाली उतरताना तनूचा हात धरून म्हणली, "चल बाई, वाढून घे. वरती पण गहू बंद झाला!"