म्हसोबाचे एकशे चाळीस प्राणांक

अहमदपूरच्या बसस्टँडसमोर शिवशंकरचं फ्लेक्सचं दुकान आहे. ज्याला शेजारची गल्लीही ओळखत नाही असा माणूस वाढदिवसाच्या आदल्या दिवशी तिथं येतो आणि सकाळी 'भावी नगरसेवक' होऊन चौकात लटकतो. मागे सिंह, डोक्यावर फेटा, पायाशी ढग. कल्पनाशक्तीला रोज इतका व्यायाम असूनही आपण वाया चाललो आहोत, असं शिवशंकरला वाटायचं. कारण त्याचं खरं काम निराळं होतं. गेली नऊ वर्षं तो एक खेळ लिहीत होता.

खेळ असा, की एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली पात्रं व्हायचं, आणि हाणामारीची वेळ आली की वीस तोंडांचा फासा टाकून कोण जगलं कोण मेलं ते ठरवायचं. पुण्यात इंजिनिअरिंगला गटांगळ्या खाताना शिवशंकर हा खेळ शिकला. तिथं सगळे परदेशी ड्रॅगन मारत बसायचे. आपल्या पुराणांत काय राक्षस कमी आहेत का, असं त्याच्या मनात आलं. डिग्री राहिली ती राहिलीच, पण पुस्तक चारशे बारा पानांचं झालं.

हाती लागेल तो राक्षस, यक्ष, पिशाच्च त्याने त्यात मोजून ठेवला होता. उंची, वजन आणि प्राणांक, म्हणजे किती मार खाल्ल्यावर मरेल तो आकडा. ब्रह्मास्त्र दिवसातून एकदाच, त्यानंतर आठ तास सक्तीची झोप. ऋषीचा शाप चाळीस फुटांपर्यंत लागणार, ऋषी फारच तापट असेल तर साठ. वेताळाला पासष्ट प्राणांक. पिढ्यान्‌पिढ्या माणसं ज्याच्या वाटेला गेली नाहीत, त्याला या पठ्ठ्याने सोयाबीनच्या पोत्यासारखं काट्यावर चढवलं होतं. त्याची बायको उज्वला घरी शिवणकाम करते. तिने एकदा मशीनवरून मान वर न करता विचारलं, "अहो, माझे किती धरलेत?" यावर तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

गावात कुणी कौतुक करत नाही याचं त्याला दुःख नव्हतं, उलट त्यात त्याला मोठेपणाच वाटायचा. "पिकतं तिथं विकत नाही," असं म्हणून तो उसासा टाकायचा. आणि अखेर त्याने पाठवलेल्या पुस्तकाला पुण्याहून उत्तर आलं. असे खेळ छापणाऱ्या एका छोट्या प्रकाशनाची दामिनी नावाची संपादिका रविवारी स्वतः येणार होती. खेळ प्रत्यक्ष चालताना बघून छापायचं की नाही ते ती तिथंच सांगणार होती. पत्राच्या शेवटी तिने लिहिलं होतं, 'जरा मातीतलं काही असेल तर बघा.'

मातीतलं म्हणताच शिवशंकरने ताबडतोब मातीची सोय केली. शेवटच्या गुहेतल्या महिषासुराचं नाव खोडून त्याने तिथं 'म्हसोबा' लिहिलं. दोघं मुळात एकच, असं त्याने कुठंतरी वाचलं होतं. शिंगं, वजन, एकशे चाळीस प्राणांक, सगळं होतं तसंच ठेवलं.

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! खेळायला ठरवलेले तिघं मास्तर ऐनवेळी निवडणुकीच्या ट्रेनिंगला गेले. दामिनी तर लातूर सोडून पुढं निघालीसुद्धा होती. नाइलाजाने शिवशंकरने घरातलीच माणसं गोळा केली. मार्केट यार्डात तोलार असलेले श्रीमंतमामा झाले महावीर वज्रबाहू. उज्वला झाली योगिनी. उरलेली विषकन्या त्याच्या आईच्या, गुणाबाईच्या, वाट्याला आली. गुणाबाईचं वय पासष्ट, गुडघे गेलेले.

"इष पाजायचं कुनाला?" तिने विचारलं.

"माय, ते मी सांगतो. तू फक्त फासा टाक."

दामिनी आली, चहा झाला, खेळ सुरू झाला. शिवशंकरने आवाज खोल केला. काळोख, वटवाघळं, पुलावर उभा वेताळ. "तुम्ही काय करता?" त्याने विचारलं.

"तंबाकू देतो," श्रीमंतमामा म्हणाले.

"मामा, तुमच्याकडं तलवार हाय."

"हाय की. पन बिचारा किती टाईमाचा उभा हाय पुलावर. आधी तंबाकू देतो, मंग रस्ता मागतो."

दामिनीने वहीत काहीतरी लिहिलं. आता पाहुणीसमोर मामाशी काय वाद घालायचा? दातओठ खात शिवशंकरने वेताळाला बाजूला केलं. पासष्ट प्राणांक नुसते चिमूटभर तंबाखूत गेले. पुढं हाडळ भेटली, तर उज्वलाने तिला लुगडं-चोळी कबूल केली, आणि मापही विचारलं. नऊ वर्षं ज्या लढायांचे तक्ते आखले त्यातली एकही लढाई व्हायला तयार नव्हती.

शेवटची गुहा आली. इथं तरी रक्त सांडणारच, या आशेने त्याने सगळा जीव आवाजात ओतला. "धूर फाटतो... रेड्याचं मुंडकं, लाल डोळे, चार फुटांची शिंगं... तुमच्यासमोर उभा आहे म्हसोबा!"

श्रीमंतमामांनी पायातल्या चपला काढून बाजूला सरकवल्या. गुणाबाईने डोक्यावर पदर घेतला.

"नाव कामून घेतलंस रे?" ती हळूच म्हणाली. "आपल्या शेताच्या धुऱ्यावरचा देव हाय त्यो."

"माय, हा खेळातला आहे! तुम्ही काय करता ते सांग."

गुणाबाईने थोडा विचार केला. "त्याला काय पायजे ते इचार."

शिवशंकरने पुस्तक उघडलं. म्हसोबा, पान तीनशे एक्क्याण्णव. वजन अकरा क्विंटल. शिंगांचा घाव, खुराचा घाव, श्वासाचा घाव. आगीने अर्धा मार, पाण्याने दुप्पट. त्याने पान उलटलं, परत मागं आला. त्याला काय पाहिजे, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. याचंच कशाला, चारशे बारा पानांत एकाही राक्षसाचं लिहिलेलं नव्हतं.

"हो सर," दामिनी पुढं सरकून म्हणाली, "काय हवंय त्याला?"

"काही नको! तो राक्षस आहे."

"कायच नगं, तर मंग आडवा कामून आला?" गुणाबाई म्हणाली.

उत्तर नसलं की माणूस चिडतो, आणि शिवशंकरच्या हातात तर फासाही होता. म्हसोबाच्या वतीने त्याने तो दाणदाण आपटायला सुरुवात केली. पहिल्या फटक्यात वज्रबाहू पडले, दुसऱ्यात योगिनी. तिसऱ्याला वीस आला.

"माय, तू मेलीस."

"मेले? बरं," गुणाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "भाकऱ्या निवायल्यात. हात धुऊन घ्या समदे."

हात धुताना मोरीजवळच दामिनीने त्याला सांगून टाकलं. बाई सरळ होती, गोड बोलून टांगून ठेवलं नाही. "सर, पुस्तक आम्हाला छापता येणार नाही. नुसत्या आकड्यांची पुस्तकं महिन्याला दोन येतात. ड्रॅगनच्या जागी राक्षस, एवढाच फरक असतो." शिवशंकरने मान हलवली आणि नळ बंद करायला विसरला. नऊ वर्षं त्याने या एका रविवारसाठी जपली होती.

पंगत बसली. दामिनीने गुणाबाईला सहज विचारलं, "आजी, मग तुमच्या म्हसोबाला काय लागतं?"

गुणाबाईला कुणी काही विचारण्याचा अवकाश. पेरणीच्या आधी शेंदूर-नारळ. रास झाली की पहिलं सूपभर धान्य त्याच्यापुढं. बाळंतीण पहिल्यांदा शेतात आली की लेकराला त्याच्या पायावर घालायचं, म्हणजे तो ओळख ठेवतो. विसरलं तर मारत नाही, फक्त बैल बुजतात. दामिनीने ताट सरकवून वही घेतली. "आन येळवशीच्या सकाळी," गुणाबाई मार्गशीर्ष अमावस्येच्या शेतपूजेचं सांगत होती, "सगळ्यात आधी त्याला दहीभात."

"दहीभात न्हाई, माय," शिवशंकर खाली मान घालून म्हणाला. "दहीभात हिरीवरच्या आसरा देवींना. म्हसोबाला मलिदा. आन ठेवून माघारी वळून बगायचं न्हाई, न्हाईतर त्यो जेवत न्हाई."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. मघाच्या गुहेतला खोल आवाज कुठल्या कुठे गेला होता. दहावीपर्यंत दर येळवशीला मलिद्याची ताटली घेऊन तोच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जायचा. एकदासुद्धा त्याने मागं वळून बघितलं नव्हतं.

"सर," दामिनीने विचारलं, "हे पुस्तकात का नाही?"

शिवशंकरने भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

"लोक हसतील म्हणून."

"कोण लोक?"

"तुम्ही."

दामिनी हसली नाही. गुणाबाईने लेकाकडे बघितलं, आणि त्याच्या ताटात आणखी अर्धी भाकर टाकली.