मिश्रण मास्तर आणि कोयनेलची पुडी

आमच्या मिश्रण मास्तरांसमोर 'शुद्ध' हा शब्द काढायची सोय नव्हती. पंगतीत कुणी शुद्ध तुपाचं कौतुक केलं की मास्तर वाटी उजेडात धरत. कुणी आपल्या शुद्ध कुळाबद्दल बोलू लागला तर शांतपणे विचारत, "म्हणजे मूलद्रव्य की संयुग?" शहाद्याच्या शाळेत ते रसायन शिकवत, मी इतिहास. आमच्या खोल्या शेजारी होत्या.

लोखंडाचा कीस आणि गंधक एकत्र करून ते त्यावरून लोहचुंबक फिरवत. कीस चुंबकाला चिकटला की म्हणत, "मिश्रणात प्रत्येक जण आपला स्वभाव राखून असतो. म्हणून चोर सापडतो." मग तेच मिश्रण तापवत. त्याचा काळा गोळा झाला की चुंबकाला काहीच चिकटत नसे. "आता हे संयुग. यात ना लोखंडाचा स्वभाव उरला, ना गंधकाचा." हे सांगताना ते खुदकन हसत. असे हसणारे मास्तर मी पहिली काही वर्षंच पाहिले.

दुसऱ्या महायुद्धात हिवतापावरचं कोयनेल, म्हणजे क्विनीन, मिळेनासं झालं, आणि नेमका तेव्हाच वहिनींना, म्हणजे मास्तरांच्या पत्नीला, हिवताप आला. पेठेतल्या नानाभाऊंच्या दुकानात मात्र कोयनेलच्या पुड्या मिळत. मास्तर वेळ चुकू न देता स्वतःच्या हातानं पुडी देत राहिले. ताप उतरला नाही. वहिनी गेल्या.

एक पुडी उरली होती. मास्तरांनी ती प्रयोगशाळेत नेली, पाण्यात कालवली आणि वर आयोडीनचा थेंब टाकला. पाणी काळंनिळं झालं. आयोडीन पिठाची ओळख अशीच पटवतं. जिभेला कडू लागेल एवढंच कोयनेल, बाकी सगळं तांदळाचं पीठ. फौजदारांनी तक्रार ऐकून घेतली, चहा पाजला आणि परत पाठवलं. नानाभाऊंना दुखवायची कुणाची तयारी नव्हती.

मग दर बाजाराच्या दिवशी मास्तर नानाभाऊंच्या दुकानासमोर टेबल मांडून बसू लागले. कुणीही पुडी आणावी, ते तपासून देत. आधी लोक हसले. पुढे म्हसावद, ब्राह्मणपुरीची माणसं पुड्या घेऊन येऊ लागली. पेला काळा झाला की मास्तर फक्त समोर दुकानाकडे बघत. नोकरी जाईल, असा निरोप शाळेच्या कमिटीकडून आला. मीही त्यांना आता पुरे करा म्हणालो.

"त्याला झोप लागते का, ते बघायचंय मला," ते म्हणाले.

त्याच हिवाळ्यात नानाभाऊंच्या सुनेला ताप भरला. खरं कोयनेल त्यांच्या स्वतःच्या दुकानातही नव्हतं. नंदुरबारच्या एका डॉक्टरांनी मास्तरांना थोडं दिलं आहे, हे त्यांना कळलं होतं. भर बाजारात ते टेबलासमोर हात जोडून उभे राहिले. "मन्ही सून मरी जाई, मास्तर."

मास्तरांनी मला बाजूला घेतलं. माझ्या खोलीतली बाटली घेऊन नानाभाऊंच्या घरी जा आणि तुमच्या देखत औषध द्या, असं हळूच सांगितलं. मी देऊन परत आलो तरी नानाभाऊ तिथेच उभे होते. औषध सुनेच्या पोटात गेलंय, याची त्यांना कल्पना नव्हती. पुढ्यात त्यांच्याच दुकानातल्या पुडीचा काळा पेला होता. एरवी प्रमाण मराठीत बोलणारे मास्तर त्या दिवशी अहिराणीत बोलत होते.

"यामा काय शे, ते सांग. सगळास्ले ऐकू येवाले जोयजे."

"पीठ शे."

"आखो जोरमा," मास्तरांनी आणखी मोठ्यानं म्हणायला लावलं.

"पीठ शे. मीच टाकं."

मग मास्तर म्हणाले, "घर जाय. सूनले दवा पोहोचनी."

सून वाचली. दुकान बंद पडलं. मास्तरांच्या मनावरचं ओझं उतरलं असेल, असं मला वाटलं होतं. टेबल उचलताना ते म्हणाले, "त्यानं सुनेसाठी कबूल केलं. हिच्यासाठी नाही."

पुढच्या वर्षी त्यांनी धुळ्याला नोकरी धरली. निघायच्या दिवशी नानाभाऊ मोटार स्टँडवर आले आणि रडत माफी मागू लागले. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं, सून कशी आहे ते विचारलं, बरी आहे म्हटल्यावर मान हलवली.

"माफी नही," ते म्हणाले, माझा हात घट्ट दाबला आणि मोटारीत चढले. मोटार सुटली. धूळ खाली बसेपर्यंत नानाभाऊ तसेच उभे होते, आणि मला त्यांची कीव आली नाही.